नाडी आणि मागची रांग

त्या नोटिशीवर खुर्चीचं चित्र नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

परदेशात आम्ही ज्या इमारतीत राहायचो, तिच्या तळमजल्यावर लिफ्टशेजारी नोटिशींचा फळा होता. कुणाचं मांजर हरवलंय, कुणाला जुना पाळणा देऊन टाकायचाय, असल्या चिठ्ठ्या त्यावर लागायच्या. लिफ्ट येईपर्यंत मी त्या नेमाने वाचायचो. तिथली भाषा मला बेताचीच येत असे, पण मांजर चित्रावरून कळायचं. एका सोमवारी तिथे नवी नोटीस दिसली. सामुदायिक व्यायाम, सर्व वयांसाठी, तळघरातला हॉल, दर शनिवारी सकाळी दहा. मजकुराच्या वर एका पिकल्या केसांच्या हसऱ्या गृहस्थांचं चित्र होतं, आणि गृहस्थांच्या शेजारी एक खुर्ची.

मी पेशाने ड्रॉइंग तपासनीस आहे. पाण्याच्या मोठ्या पाइपांना जे व्हॉल्व्ह लागतात त्यांची ड्रॉइंगं माझ्याकडे येतात आणि मी त्यातल्या चुकांवर लाल पेन्सिलीने गोल काढतो. ड्रॉइंगमध्ये जे दाखवलंय ते आहे, जे दाखवलेलं नाही ते नाही, या एका तत्त्वावर मी एकतीस वर्षं पगार घेतला. आता चित्रात खुर्ची दाखवली आहे, म्हणजे माणूस खुर्चीवर बसणार. बसून हात वरखाली करायचे, मान इकडेतिकडे फिरवायची, दीर्घ श्वास घ्यायचा आणि घरी यायचं. असल्या व्यायामाला माझी कधीच हरकत नव्हती. (ऑफिसात मी दिवसभर तेच करतो, असं माझ्या साहेबांचं मत आहे.)

अर्थात हा व्यायाम माझ्यासाठी नव्हताच, बायकोसाठी होता. आणि तो का, हे सांगायचं तर आधी निळ्या बॅगेचं सांगायला हवं.

कंपनीने मला दोन वर्षांसाठी तिथल्या ऑफिसात पाठवलं, तेव्हा ही मोठ्या हौसेने सोबत आली. आमच्या घरी, म्हणजे आपल्याकडे, हिला कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला दीड तास लागायचा, कारण प्रत्येक मजल्यावर एक मैत्रीण दार उघडं ठेवून बसलेली असे. तिथे लिफ्टने वीस सेकंदांत खाली. लिफ्टमध्ये कुणी भेटलंच तर ते आपल्या बुटांकडे बघत असतं. मी सकाळी आठला बाहेर पडायचो तो सहाला परत यायचो. मधले दहा तास ही आणि चार भिंती. हिला तिथल्या भाषेतले चाळीस शब्द येत, त्यातले तीस भाज्यांचे. चौथ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की ही धुण्याच्या मशीनशी बोलते. मशीन शेवटी शिट्टी वाजवायचं, त्यामुळे निदान कुणीतरी उत्तर देतंय असं तिला वाटत असावं.

सातव्या महिन्यात हिने माळ्यावरची मोठी निळी बॅग काढून दारामागे उभी केली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"मी महिनाअखेरीला घरी जाते. तुम्ही या सावकाश, तुमची दोन वर्षं झाली की."

"आणि माझा चहा?"

"फोनवर असतं सगळं दाखवलेलं. बघा आणि करा."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलली, दोन दिवसांत बॅग परत वर जाईल. पण बॅग भरायला लागली. आधी हिचे स्वेटर गेले. मग लेकाच्या लग्नातला फोटो गेला. त्या सोमवारी मी घरी आलो आणि पाहतो तर चहाची गाळणी बॅगेत. बाई गाळणी भरते म्हणजे ती मनाने गेलेलीच असते.

खरं सांगायचं तर प्रश्न चहाचा नव्हता. लग्नाच्या सत्तावीस वर्षांत मी कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरलो असेन तर दहा-बारा वेळा, आणि त्या प्रत्येक वेळी मी दिवे न लावता नुसता बसून राहिलोय. ही नसली की मला घरात काय करायचं असतं तेच कळत नाही. पण हे तोंडाने बोलायची आमच्या पिढीला सवय नाही. म्हणून आम्ही चहा म्हणतो.

तेव्हा मी गाळणीकडे बघत नोटिशीचा विषय काढला.

"खाली हॉलमध्ये व्यायामाचा वर्ग आहे. शनिवारी जाऊन बस जरा."

"बसायला हे घर काय लहान पडतंय?"

"चारचौघांत बसशील. ओळखी होतील. खुर्चीवर बसून असतो, मी चित्र पाहिलंय."

"तुम्ही येणार?"

"मी कशाला?"

"तुम्ही येत असाल तर येते. एकदाच. नाहीतर बॅग आहेच."

चित्रातल्या गृहस्थांची खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर होती, म्हणून मी हो म्हणालो.

मग कपड्यांचा प्रश्न आला. व्यायामाला जायचं म्हणजे ट्रॅक पँट हवी. तिथल्या दुकानात सगळ्यात लहान आकाराची जी मिळाली तिच्यात मी आणि माझे साहेब दोघं मावलो असतो. बायको म्हणाली, काही बदलून आणू नका, मी करते. तिने कात्रीने इलॅस्टिक काढून टाकलं आणि नेफ्यात नाडी ओवली. हिच्या डाव्या हातातल्या बांगडीला कायम दोन-तीन सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात. त्यातली एक नाडीच्या टोकाला लावून तिने ती नेफ्याच्या या तोंडातून आत घातली आणि त्या तोंडातून बाहेर काढली. दोन मिनिटांचं काम.

"टोकांना गाठी मारते," ती म्हणाली, "म्हणजे आत जायची नाही."

"गाठी नकोत. पोटाला टोचतात."

"अहो, आत जाईल."

"अगं, वर बांधणारच आहे ना आपण? मग टोक आत जाईल कसं?"

(एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुकांवर लाल गोल काढतोय. या वाक्यावर काढायला माझ्याकडे पेन्सिल नव्हती.)

शनिवारी पावणेदहाला आम्ही तळघरात उतरलो. हॉल चांगला मोठा होता. समोरच्या भिंतीला आरसा, मागच्या भिंतीलाही आरसा, आणि हवेत रबरी चटयांचा वास. जमलेली माणसं वीस-बावीस होती, बहुतेक आमच्या वयाची किंवा थोडी पुढची. गंमत म्हणजे सगळी हॉलच्या मधल्या दोन रांगांत दाटीवाटीने उभी होती. एकमेकांच्या कोपराला कोपर लागत होतं, तरी कुणी हलत नव्हतं. मागची रांग पूर्ण रिकामी होती.

"बघ," मी हिला म्हटलं, "या लोकांना जागा निवडता येत नाही."

शाळेपासून मी मागच्या रांगेचा माणूस. लग्नकार्यात मागे, मीटिंगमध्ये मागे. मागे उभं राहिलं की आपण काय करतोय ते कुणाला दिसत नाही आणि आपल्याला सगळ्यांचं दिसतं. मी हिला घेऊन मागच्या रांगेच्या मधोमध उभा राहिलो. पुढच्या रांगेतल्या एका धिप्पाड बाईने वळून आमच्याकडे पाहिलं. ती शहरात बस चालवते हे नंतर कळलं, पण तिचं हात दाखवणं तेव्हाही तसंच होतं. तिने आम्हाला खूण केली की इकडे मध्ये या, आणि कष्टाने दोन माणसांची जागा केली. आता कुणी जागा दिली की लगेच जाऊन उभं राहायचं, असे आपल्यावर संस्कार नाहीत. मी हसून हात हलवला. नको, नको, असू दे. तिने पुन्हा बोलावलं. मी छातीवर हात ठेवून पुन्हा नको म्हटलं. तिने तिसऱ्यांदा मागच्या आरशाकडे बोट दाखवून काहीतरी बजावलं. मी तिचे आभार मानले. शेवटी तिने खांदे उडवले आणि ती पुढे वळली.

मग मास्तरीणबाई आल्या. वय साठीच्या घरात, अंगावर चरबी औषधालाही नाही, तोंडापुढे छोटा माइक. त्यांनी काहीतरी सांगितलं आणि सगळ्यांनी भिंतीकडच्या थप्पीतून एकेक खुर्ची उचलून आणली. मी हिच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं, खुर्ची मांडली आणि ऐसपैस बसलो.

बसलेला मी एकटाच होतो. बाकीची मंडळी खुर्चीच्या पाठीला धरून एक पाय मागे उचलत होती.

"चित्रातले ते गृहस्थ," बायको पाय उचलत म्हणाली, "खुर्चीशेजारी उभे होते ना हो?"

मी उठून पाय उचलला.

दहा मिनिटांनी खुर्च्या परत थप्पीला गेल्या आणि गाणं सुरू झालं. हे गाणं लग्नाच्या बँडवाल्यांनाही धाप लागेल असं होतं. उजवीकडे दोन पावलं, डावीकडे दोन, हात वर, टाळी, गिरकी. मी सगळं करत होतो, पण एक अंक मागे. ते टाळी वाजवत तेव्हा माझे हात वर निघालेले असत, ते गिरकी घेत तेव्हा माझी टाळी व्हायची. बायकोला मात्र तिसऱ्या मिनिटात ते जमायला लागलं. ओढणी कमरेला बांधून ती बरोबर ठेक्यात पावलं टाकत होती. मी तिच्याकडे बघत राहिलो आणि त्या नादात आणखी एक अंक मागे पडलो.

मग पाणी प्यायला मध्ये सगळे दोन मिनिटं थांबले. मला नाडी आवळल्यासारखी वाटत होती. घट्ट बांधलेली नाडी धाप लागलेल्या पोटाला सहन होत नाही. म्हणून सदऱ्याखाली हात घालून मी गाठ जरा सैल करायला गेलो आणि एक टोक ओढलं. गाठ सुटली. तेवढ्यात गाणं सुरू झालं, सगळ्यांचे हात वर गेले, म्हणून मीही दोन्ही हात वर केले. पोट आत गेलं, पँट खाली सरकली, आणि नाडीचं डावीकडचं टोक सुळकन नेफ्यात शिरलं.

हा प्रसंग ज्याच्यावर आलाय त्याला मी काही सांगायला नको, आणि ज्याच्यावर आला नाही त्याला सांगून कळणार नाही. मी डाव्या हाताने कमरेशी पँट गच्च धरली. उजव्या हाताने व्यायाम चालू ठेवला. मनात म्हटलं, मागच्या रांगेत आहोत, कुणाला दिसतंय. अजून वीस मिनिटं काढायची आणि भिंतीच्या कडेकडेने घर गाठायचं.

नेमक्या त्याच वेळी मास्तरीणबाईंनी दोन टाळ्या वाजवल्या, काहीतरी ओरडल्या, आणि अख्खा वर्ग मागे वळला.

मागची रांग रिकामी का होती, ते मला तेव्हा कळलं. बाईंची ती पद्धतच होती. अर्धा वर्ग झाला की सगळ्यांनी मागच्या आरशाकडे तोंड करायचं, म्हणजे मागे लपणारे पुढे येतात. आणि पुढच्या अर्ध्या वेळात बाई माणसांमधून हिंडत कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा सरळ करायच्या. पावलं कुणाची बघायची? तर पुढच्या रांगेची. जुनी माणसं म्हणूनच मधल्या रांगांना चिकटून होती. बस चालवणारी बाई मला तीनदा हेच सांगत होती आणि मी तीनदा तिचे आभार मानत होतो.

आता पुढच्या रांगेत आम्ही दोघंच होतो. मी आणि बायको, समोर आरसा, पाठीशी बावीस माणसं. गाणं चालू होतं. मी डावा हात कमरेवर दाबून उजवा वर केला. आरशात बावीस डावे हात कमरेवर गेले आणि बावीस उजवे वर गेले.

मी पँट सुटेल या भीतीने पाय जवळ घेऊन बोटभर सरकलो. सगळा वर्ग पाय जवळ घेऊन बोटभर सरकला. घाम आला म्हणून मी बाहीने कपाळ पुसलं. मागच्या एका उंच म्हाताऱ्याने, जो नोकरीत असताना पोस्टमन होता, मोठ्या तन्मयतेने कपाळ पुसलं. मी मान हलवून 'असं नाही, असं नाही' म्हटलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

"हात सोडा ना कमरेवरचा," बायको तोंड न हलवता म्हणाली. "सगळे तसंच करतायत."

"सोडता येत नाही."

"का?"

"नाडी."

"काय झालं नाडीला?"

"आत गेली."

गाठी न मारण्याबद्दल बायको चारचौघांत काही बोलली नाही, हे तिचे उपकार मी विसरणार नाही. तिने फक्त पावलं टाकता टाकता बांगडीतली एक सेफ्टी पिन काढली, ठेका न सोडता माझ्याकडे वळली, वाकली आणि माझ्या कमरेशी पिन लावू लागली.

आरशात बावीस माणसं आपापल्या शेजाऱ्याकडे वळली आणि एकमेकांच्या कमरेशी वाकली.

बस चालवणारी बाई पोस्टमनच्या कमरेशी वाकून बोटांनी काहीतरी विणल्यासारखं करत होती. पोस्टमन हात वर करून, डोळे मिटून, अगदी विश्वासाने उभा होता. मास्तरीणबाई दोन रांगांच्या मध्ये थांबल्या होत्या. हे आपण शिकवलंय का, हे त्या आठवत असाव्यात.

आणि बायकोने मान वर करून आरशात पाहिलं.

आधी तिचे खांदे हलायला लागले. मग तिने तोंडावर ओढणी धरली. मग ती हसली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आमच्या जिन्यात मैत्रिणींबरोबर हसायची तसं. सात महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. माझी पँट अर्धवट पिनेवर होती, बावीस अनोळखी माणसं माझ्यामागे वाकली होती, आणि मला इतका आनंद झाला की माझेही डोळे भरून आले. हसून हसून बायको खाली जमिनीवर बसली.

अख्खा वर्ग जमिनीवर बसला.

त्यानंतर गाणं कुणी ऐकलं नाही. बायका हिच्याभोवती जमल्या. सगळ्यांना ती पिन बघायची होती. हिने चाळीस शब्दांत, त्यातले तीस भाज्यांचे, नाडीची सगळी हकिगत त्यांना सांगितली. पँट म्हणजे दुधीभोपळा, नाडी म्हणजे शेंग, असं काहीतरी हातवाऱ्यांनी चाललं होतं. त्यांना ते पूर्ण समजलं, कारण सगळ्या जणी एकाच वेळी माझ्याकडे वळून बघायच्या आणि पुन्हा हसायच्या. शेवटी बस चालवणाऱ्या बाईने आपल्या पिशवीतून एक तुटक्या नाडीची पँट काढली. हिने पिन लावून ती तिथल्या तिथे ओवून दिली, आणि टोकांना आठवणीने गाठी मारल्या. मी पुढे होऊन घरी आलो. ही आली तेव्हा एक वाजून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाळणी ओट्यावर होती.

पुढच्या शनिवारी मी म्हटलं, "एकदाच म्हणाली होतीस ना?"

"तुम्हाला यावं लागेल. बाई विचारत होत्या."

बाईंनी खरंच ते सगळं व्यायामात घेतलं होतं. डावा हात कमरेवर, उजवा वर, पाय जोडून बोटभर सरकायचं, कपाळ पुसायचं, शेजाऱ्याकडे वळून वाकायचं. त्या स्टेपला तिथल्या भाषेत 'मागच्या रांगेतले गृहस्थ' असं नाव पडलं. ती आली की सगळे टाळ्या वाजवून माझ्याकडे बघायचे, आणि मी अर्थातच एक अंक मागे असायचो. पोस्टमन ती माझ्यापेक्षा चांगली करतो, असं बाईंचं मत होतं. (त्याला पँट सांभाळायची नव्हती.)

बॅगेतून दर आठवड्याला काहीतरी बाहेर येत गेलं. फोटो भिंतीवर लागला. स्वेटर कपाटात गेले. महिनाअखेर आली आणि गेली, आणि आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही. चाळीस शब्दांचे चारशे झाले. आता संध्याकाळी घरी आलो की दारात चार जोडी बूट असायचे आणि आत बायका हिच्या भाषेतल्या चुका दुरुस्त करत आणि ही त्यांच्या शिवणातल्या. लिफ्टमध्ये लोक हिच्याशी बोलायचे. मला कुणीतरी विचारलं, 'तुम्ही यांचे मिस्टर का?' वर्गात ती समोरच्या रांगेत गेली होती, आणि मी मागे होतो तिथेच होतो. मशीन बिचारं एकटंच शिट्टी वाजवायचं.

अशात अकराव्या महिन्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुमचं काम मुदतीआधी संपलंय," ते म्हणाले. "महिनाअखेरीला तुम्ही घरी परत जाऊ शकता."

मी आयुष्यात पहिल्यांदा काही वेळेआधी पूर्ण केलं होतं. वाटेत कधी नव्हे ती फुलं घेतली आणि घरी आलो.

"चल," मी दारातच म्हणालो, "आपल्या घरी जायचंय. महिनाअखेरीला. दोघांनी."

ही आनंदाने काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत वाकून बुटाची लेस सोडत होतो. वरून फक्त आवाज आला, "अगंबाई, पण आमचा कार्यक्रम आहे."

"कसला कार्यक्रम?"

"वर्गाचा. सात आठवड्यांनी, नगरभवनात, स्टेजवर. मी पहिल्या रांगेत आहे. मध्ये सोडून कशी येऊ?"

"अगं, पण हे घर कंपनीचं आहे. रिकामं करावं लागेल."

"बसवालीकडे एक खोली रिकामी आहे. ती म्हणाली, राहा."

"कधी म्हणाली?"

"आत्ताच मेसेज केला, तुम्ही लेस सोडत होतात तेव्हा."

मी फुलं हातात घेऊन उभा होतो. हिने ती घेतली, पाण्यात ठेवली, आणि दारामागची निळी बॅग ओढून आडवी केली. तिच्यात माझा पहिला शर्ट ठेवत ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी येते सावकाश, कार्यक्रम झाला की."

"आणि माझा चहा?"

"फोनवर असतं सगळं दाखवलेलं."

तर अशा रीतीने, ही मला सोडून जाऊ नये म्हणून मी जो वर्ग शोधून काढला, त्या वर्गासाठी मीच हिला सोडून घरी आलो. सात आठवडे मी कुलूप उघडून आत शिरलो आणि दिवे लावायला विसरलो. प्रत्येक मजल्यावरची मैत्रीण दार उघडून विचारायची, "ती कधी येणार?" आणि मी म्हणायचो, "सावकाश." चहा मी फोनवर बघून केला. फोनवरचा चहा छान दिसत होता.

कार्यक्रमाच्या दिवशी त्यांची संध्याकाळ झाली तेव्हा आमच्याकडे रात्र व्हायला हवी होती, की सकाळ, याचा मी आदल्या दिवसापासून कागदावर हिशेब मांडत होतो. सकाळ निघाली. मी आंघोळ करून नवा लेंगा आणि गुडघ्यापर्यंतचा सदरा घातला, फोन साखरेच्या डब्याला टेकवून टेबलावर उभा केला आणि चार पावलं मागे सरकून उभा राहिलो. प्रेक्षक म्हणून व्यवस्थित दिसायला हवं.

ऐनवेळी नाडी आवळल्यासारखी वाटली, म्हणून मी एक टोक ओढलं.

पुढचं सांगत नाही. गाठी मारणारी परदेशात, पिन तिच्या बांगडीत, आणि फोन सुरू झालेला. मी डाव्या हाताने लेंगा गच्च धरला.

स्टेजवर ही पहिल्या रांगेत, मधोमध. पोस्टमनने तिकडचा फोन स्टेजखाली कुठेतरी उभा केला होता आणि मग तो पळत आपल्या जागेवर गेला. गाणं सुरू झालं. ही एकही अंक चुकली नाही. 'मागच्या रांगेतले गृहस्थ' आले तेव्हा सगळं सभागृह हसलं, आणि ही त्यात सगळ्यात सुंदर दिसत होती, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण तोंडाने मी ते म्हणणार नाही. कार्यक्रम संपला आणि सगळी मंडळी घामेजलेल्या चेहऱ्यांनी फोनपुढे गोळा झाली. मला कमरेवर हात ठेवून उभा पाहून त्यांना वाटलं, मी मानवंदना देतोय. मास्तरीणबाई, बसवाली, पोस्टमन, सगळ्यांनी आपापला डावा हात कमरेवर ठेवला.

ही तेवढी नीट बघत होती.

"टाळ्या नाही वाजवत?" तिने विचारलं.

"हात मोकळा नाही."

"का?" म्हणाली, आणि लगेच तिचे खांदे हलायला लागले. मग तोंडावर ओढणी गेली. मग तो आवाज आला, सातासमुद्रापलीकडून, साखरेच्या डब्याला टेकलेल्या फोनमधून. "शनिवारी निघतेय मी," ती हसता हसता म्हणाली. "तिकीट काढलंय."

मी दोन्ही हात उचलले आणि जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

सदरा गुडघ्यापर्यंत होता म्हणून अब्रू वाचली. मग मास्तरीणबाई पुढे झाल्या, फोन जवळ घेऊन त्यांनी नीट पाहिलं आणि हिला काहीतरी सांगितलं.

"काय म्हणतायत?" मी लेंगा गोळा करत विचारलं.

"म्हणतायत," बायको डोळे पुसत म्हणाली, "ही नवी स्टेप छान आहे, पण आमच्याकडे सगळ्यांच्या नाड्यांना गाठी आहेत."